वेलीचे पाय सावलीत

दोस्तांनो, मागच्या महिन्यात याच पानावर मी तुम्हाला बिया गोळा करायला सांगितलं होतं. आठवतंय ना? तुमची पत्रं आली, आणि काही पाकिटांतून चक्क बियाही आल्या! (अरे, त्या मला कशाला पाठवल्यात? तुमच्याकडेच ठेवायच्या होत्या की!) सगळ्यात जास्त बिया निघाल्या गोकर्णीच्या. साहजिकच आहे. गोकर्ण कुठेही सापडते, शेंगा हाताला येतील अशा उंचीवर असतात आणि तिचं निळं फूल तर सगळ्यांनाच आवडतं. गाईच्या कानासारखं दिसतं, म्हणून गोकर्ण.

पण पत्रांत एक तक्रारही होती आणि ती एकट्यादुकट्याची नव्हती. कुंडीत वेल लावली, भिंतीला टेकवून ठेवली, आधी छान वाढली आणि उन्हाळा लागल्यावर वाळून गेली! कुणाला वाटतं माती वाईट होती. कुणाला वाटतं शेजारच्यांची दृष्ट लागली. एका मुलानं तर लिहिलंय, आमच्या घरात कुणाच्याच हाताला गुण नाही, म्हणून या वर्षी मी झाड लावणार नाही.

हे वाचून मात्र मला राहवेना. ठरवलं, की या वेळी दुसरं काही नाही, भिंतीजवळच्या कुंडीतली वेल हा एकच विषय घ्यायचा. फेब्रुवारी संपत आलाय, होळी जवळ आलीय. ऊन तापायच्या आत कामाला लागायला हवं.

आधी एक हकिगत ऐका. गेल्या वर्षीच्या मार्चमधली.

माझ्या शाळेतली सातवीची एक मुलगी दोन दिवस वर्गात गप्प गप्प होती. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं तर डोळ्यांत पाणी. तिची गोकर्ण वाळत चालली होती. पण रडू त्याचं नव्हतं. घरी सगळे म्हणत होते, हिनंच वाळवली! तुमच्यातल्या मोठ्या मुलींना ठाऊक असेल, महिन्याच्या त्या चार दिवसांत झाडाला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, असं बऱ्याच घरांत सांगतात. हिनं त्या दिवसांत वेलीला पाणी घातलं होतं. झालं! वेल सुकली आणि खापर हिच्या डोक्यावर फुटलं.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. पाच वाजून गेले होते. घराच्या मागे, मावळतीकडे तोंड केलेली सिमेंटची भिंत. भिंतीला चिकटून तेलाचा पत्र्याचा डबा. त्यात गोकर्ण लावलेली. सुतळीवरून चढत चढत खिडकीच्या गजापर्यंत पोचलेली, पण पानं सगळी लोंबलेली. आजी मागच्या दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवो बाई, म्या सांगितलं व्हतं तिला, शिवू नगंस म्हून. पन ऐकतीया कुठं!"

मी काहीच बोलले नाही. डब्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. चटकाच बसला! भिंतीला हात लावला, तर तीही तव्यासारखी.

"आजी, जरा इकडे या बरं. डब्याला हात लावून बघा."

आजींनी हात लावला. "आगं आई गं!"

मग आम्ही डबा आडवा केला, चारी बाजूंनी थापट्या मारल्या आणि मातीचा अख्खा गड्डा अलगद बाहेर काढला. काय दिसलं माहीत आहे? भिंतीकडच्या बाजूची मुळं पांढरी, ताजी. उन्हाकडच्या बाजूची मुळं तपकिरी, वाळक्या दोऱ्यासारखी. बोटांत धरली की चुरा! डबा एकच, वेल एकच, पाणी घालणारा हात एकच. शिवल्यामुळे वेल मरायची असती तर ती अशी एका बाजूनं कशी मेली असती? तुम्हीच सांगा.

आजी बराच वेळ त्या गड्ड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पत्रा हाय नव्हं त्यो. माठ असता तर तापला नसता."

बघा! उत्तर आजींनीच दिलं. माठाला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार. कच्च्या विटकरी रंगाची मातीची कुंडी अगदी हेच काम करते. पत्रा आणि प्लॅस्टिक यांना छिद्रं नाहीत. ते नुसते तापतात, आणि आतली मुळं भाजत राहतात.

आजींनीच माळ्यावरून काठ फुटलेला एक माठ काढून दिला. त्याला तळाशी भोकं पाडली. वेल वीतभर ठेवून वरची छाटली, मेलेली मुळं कापली आणि उगवतीच्या अंगणात, पायरीच्या आडोशाला तिला नवं घर दिलं. तेरा-चौदा दिवस काही नाही. नुसती काडी! सोळाव्या दिवशी ती मुलगी वर्गात आली ती थेट फळ्यापाशी गेली आणि खडूनं एक काडी काढून तिला दोन कोंब काढले. बाकीच्या मुलांना काही कळलं नाही, मला कळलं. आता त्या वेलीला पाणी तीच घालते. महिन्याचे सगळे दिवस.

तर दोस्तांनो, वेल वर असते, पण तिचं दुखणं बहुतेक वेळा खाली, कुंडीत असतं. आपण बघतो पानांकडे आणि फुलांकडे. पायांकडे कुणी बघत नाही.

रानातली वेल आठवा. वेल स्वतःचं खोड जाड करत बसत नाही. तो खर्च ती वाचवते आणि दुसऱ्याच्या आधारानं उजेडाकडे जाते. पण तिची मुळं कुठे असतात? एखाद्या झुडपाच्या बुडाशी, पाचोळ्याखाली, ओलसर गारव्यात. म्हणजे डोकं उन्हात आणि पाय सावलीत! आपण मात्र तिला सिमेंटच्या भिंतीपुढे, उघड्या फरशीवर, पत्र्याच्या डब्यात उभी करतो. पायांत चपला नसताना मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर उभं राहून बघा, म्हणजे तिचं दुःख कळेल. (खरंच बघू नका हं! नाहीतर तुमच्या आया मला पत्रं लिहितील.)

आपल्या सह्याद्रीत मोरवेल नावाची एक सुंदर वेल आहे. तिला काही ठिकाणी रानजाई असंही म्हणतात. पावसाळा सरत आला की हिची पांढरी फुलं झुडपांच्या माथ्यावर दिसायला लागतात. फुलं गळल्यावर तर आणखी मजा. प्रत्येक बीला एक पिसासारखी मऊ शेपटी येते आणि बिया वाऱ्यावर उडत जातात. सहलीला गेलात तर हिला जरूर शोधा, पण तोडू नका आणि उपटून घरीही आणू नका. एक तर ती रानातच शोभते, आणि दुसरं म्हणजे हिच्या पानांचा रस कातडीला लागला तर फोड येऊ शकतात.

मोरवेल चढते कशी, हे बघण्यासारखं आहे. गोकर्ण आपलं खोडच आधाराभोवती गुंडाळते. कारली आणि कृष्णकमळ स्प्रिंगसारखे धागे फेकतात. त्यांना तणावे म्हणतात. मनीप्लांट आणि विड्याच्या पानांची वेल खोडावरच्या मुळांनी चिकटतात. बोगनवेल काटे अडकवते. मोरवेलीकडे यांतलं काहीच नाही. ती चक्क पानाच्या देठानं आधार पकडते! देठ एखाद्या काडीला घासला की हळूहळू तिच्याभोवती वळतो, आणि एकदा पक्का बसला की जाड आणि टणक होतो. चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी चढणाऱ्या वेलींचा फार बारकाईनं अभ्यास केला आणि १८६५ साली तो छापला. त्यात या कुळातल्या वेलींच्या देठांची निरीक्षणं आहेत. इतका मोठा शास्त्रज्ञ, आणि खोलीत कुंड्या ठेवून वेलीचा शेंडा कसा फिरतो ते तासन्‌तास बघत बसायचा!

या मोरवेलीच्या नातेवाईकांना इंग्लंडमध्ये क्लेमॅटिस म्हणतात. तिथे हिचं भारी कौतुक. १८६२ साली सरे परगण्यातल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत गडद जांभळ्या फुलांची एक संकरित जात फुलली, आणि तेव्हापासून तिथल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर ती चढलेली असते. जागा नसेल तर लोक ती मोठ्या कुंडीतही लावतात. आणि तिथले माळी एकमेकांना काय सांगतात? पाय सावलीत ठेवा, डोकं उन्हात! जिथे आपल्यासारखं ऊन पडत नाही, तिथेसुद्धा कुंडीपुढे दगड, कौलं नाहीतर छोटी झाडं ठेवून मुळं गार ठेवतात. मग आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या उन्हात किती काळजी घ्यायला हवी?

इंग्लंडमधली ती क्लेमॅटिस आपल्या मैदानी भागात आणायच्या भानगडीत पडू नका. ती थंड हवेची. तिचा नियम तेवढा उचलू आणि लावू आपली गोकर्णच.

चला, कामाला लागू.

कुंडी निदान एक फूट खोल आणि तेवढीच रुंद हवी. मातीची असेल तर उत्तम. तिला ऑइलपेंट फासू नका! रंगवलेली कुंडी दिसते छान, पण छिद्रं बुजली की ती पत्र्याच्या डब्यासारखीच झाली. मातीची कुंडी मिळत नसेल तर हरकत नाही. रंगाची रिकामी बादली चालेल, तेलाचा डबाही चालेल, पण त्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा रंग शोषून घेतो. नाहीतर डब्याला गोणपाट गुंडाळा आणि पाणी घालताना तेही भिजवा. मोठ्या मुलांना यात एक प्रयोग करता येईल. दोन सारखे डबे घ्या, दोन्हीत सारखी माती भरा, एकाला चुना लावा, एकाला काहीच नको. दुपारी तीन वाजता शाळेतला प्रयोगशाळेचा तापमापक मातीत खुपसून दोन्हीकडचा आकडा लिहून घ्या. (तापाचा थर्मामीटर नको, तो फुटेल.) आकडे मी सांगत नाही, तुम्हीच मला कळवा.

तळाला पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं हवीतच. प्रत्येक भोकावर कौलाची नाहीतर कुंडीची एकेक खापरी पालथी ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. कुंडी दोन विटांवर ठेवा. जमिनीला टेकलेली कुंडी खालून तुंबते, आणि तापलेल्या फरशीचा शेकही बसतो.

माती कुठली? ज्यांच्याकडे काळी माती आहे, त्यांनी तीत वाळू आणि शेणखत भरपूर घालावं. काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. भेगांबरोबर कोवळी मुळंही तुटतात. कोकणातल्या लाल मातीत पाणी थांबत नाही, तिथे पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि नारळाच्या शेंड्यांचा भुसा जास्त घाला. मी साधारण दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं वाळू असं प्रमाण धरते. कुंडी काठोकाठ भरू नका. वरती दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी घातलं की ते सगळं बाहेर.

गोकर्णीच्या बीचं कवच कडक असतं. काचकागदावर एका बाजूनं हलकेच घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ज्या फुगल्या असतील त्या निवडा. नखाएवढं खोल भोक पाडून तीन-चार बिया टाका. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत उगवतील. त्यातलं सगळ्यात जोमदार रोप ठेवायचं, फार तर दोन. बाकीची मैत्रिणीला द्या. आणि हो, या बिया खायच्या नाहीत, त्या विषारी असतात. घरात छोटं भावंडं असेल तर शेंगांवर लक्ष ठेवा.

खताचा मारा नको. गोकर्ण आपल्या हरभऱ्याच्या, तुरीच्या कुळातली. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन घेऊन तिला देतात. जास्त खत घातलंत तर नुसती पानं माजतील आणि फुलं रुसतील. रोप वीतभर झालं की शेंडा खुडून टाका. खुडताना जीव वर-खाली होतो खरा, पण त्यामुळे बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात आणि वेल भरगच्च होते.

आता भिंत. घरातल्या सगळ्या भिंती सारख्या नसतात बरं का! उगवतीची भिंत सगळ्यात चांगली. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. मावळतीची भिंत सगळ्यात कडक. ती दुपारभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत धग ओकते. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं, पण महाराष्ट्रात मे महिन्यात, आणि पुन्हा जुलै-ऑगस्टात, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच!), तेव्हा तिथलं ऊन बदलतं. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी. तिथे गोकर्णीपेक्षा मनीप्लांट बरा. एका रविवारी दर दोन तासांनी बाहेर जाऊन आपल्या भिंतीवर ऊन कधी येतं आणि कधी जातं ते वहीत लिहा. कुंडी त्यानंतर ठेवा, आधी नाही.

मावळतीचीच भिंत वाट्याला आली असेल तर? मग तिथेच लावा, पण पायांची काळजी दुप्पट. कुंडी भिंतीला चिकटवू नका, मध्ये निदान वीतभर अंतर ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. भिंतीच्या अगदी बुडाशी पाऊससुद्धा पोचत नाही. बाहेर धो धो कोसळतोय आणि छज्जाखालची कुंडी कोरडी ठणठणीत, असं होतं! कुंडीच्या पुढे, म्हणजे उन्हाच्या बाजूला, दोन-चार विटा रचा किंवा छोट्या कुंड्यांची रांग लावा. ओवा लावा, कोरफड लावा. त्या उन्हाला अंगावर घेतील. वेलीच्या बुडाशी मातीवर पाचोळा, नारळाची सोडणं किंवा नदीतले गोटे पसरा. फक्त खोडाला चिकटवू नका, तिथे दोन बोटं जागा मोकळी सोडा.

वेलीला चढायला काय द्याल? बरेच जण भाड्याच्या घरात राहतात आणि घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. ठोकूच नका! बांबूच्या तीन कामट्या कुंडीत पंख्यासारख्या रोवा आणि त्यांच्यावर आडव्या सुतळ्या बांधा, एकेक वीत अंतरावर. किंवा कुंडीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळ्या ताणा. मात्र ही जाळी भिंतीपासून चार बोटं पुढे हवी. मागून हवा खेळली तर पानांना धग लागत नाही आणि पावसाळ्यात भुरीही कमी पडते. कोवळी फांदी बांधायची तर सुती चिंधी वापरा, आणि गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मारा. एका वेढ्यात कामटी, दुसऱ्यात वेल. तारेनं किंवा नायलॉनच्या दोरीनं बांधलंत तर खोड जाड झाल्यावर गळफास बसेल.

पाण्याचं तुम्ही सगळ्यात जास्त विचारता. रोज किती तांबे? बाई, सकाळी की संध्याकाळी? माझं उत्तर, बोटाला विचारा! बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. रोज उठून अर्धा तांबा शिंपडणं सगळ्यात वाईट. वरची माती भिजते, मुळं वरवरच राहतात आणि तीच आधी भाजतात. दुपारी बारा-एकला पाणी घालू नका, पत्र्यावरून आलेलं पाणीही तेव्हा गरम असतं. कुंडीखाली बशी असेल तर तिच्यातलं पाणी ओतून टाका, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आयती जागा.

आणि वेल मलूल दिसली की धावत जाऊन पाणी ओतायचं नाही! आधी तपास करायचा. दुपारी माना टाकते पण संध्याकाळी परत ताठ उभी राहते? मग ती नुसती उन्हानं दमलीय, पायांना सावली द्या. सकाळीसुद्धा मलूल, खालची पानं पिवळी, आणि माती ओलीच? मग पाणी जास्त झालंय. मुळांनाही हवा लागते, चिखलात ती गुदमरतात. भोकं बुजली आहेत का ते बघा आणि चार दिवस पाणी बंद करा. पानं फिकट, ठिपकेदार, मागे बारीक जाळी? ते लाल कोळी. तापलेल्या कोरड्या भिंतीजवळ ते फार माजतात. पानांच्या मागच्या बाजूला रोज पाण्याचा फवारा मारा. शेंड्यावर मावा असेल तर बोटांनी पुसून टाका, औषधं मारत बसू नका.

सगळी पानं गळाली तरी वेल लगेच उपटू नका. नखानं खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. हिरवं लागेल तिथपर्यंत छाटा, कुंडी सावलीत न्या आणि वाट बघा. क्लेमॅटिसला एक रोग होतो, त्यात वरची वेल एकाएकी मरते. म्हणून तिथले माळी रोप लावतानाच खोडाचे खालचे पेर दोन-तीन इंच मातीत गाडतात, म्हणजे वरून गेली तरी खालून फुटते. गोकर्णीला तसं गाडायची गरज नाही, तिचं बूड बऱ्यापैकी चिवट असतं. तुम्ही फक्त धीर धरायचा.

मे महिन्यात मामाच्या गावाला जाणार ना? तेव्हाच निम्म्या वेली जातात! संक्रांतीची सुगडं घरात पडली असतील तर त्यातलं एक घ्या आणि कुंडीत मुळांना धक्का न लावता गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा, वर झाकण ठेवा. कच्च्या मातीतून पाणी हळूहळू पाझरत राहतं आणि मुळं हवं तेवढं पिऊन घेतात. रंगवलेलं सुगड नको, कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. दोन-तीन दिवसांसाठी एवढं पुरे. जास्त दिवस जाणार असाल तर कुंडी सावलीत सरकवा आणि शेजारच्या एखाद्या मुलाला नेमा. त्याला बोटाची परीक्षा शिकवून ठेवा, नाहीतर तो प्रेमानं रोज बादलीभर ओतेल!

सगळं जमलं तर दीड-दोन महिन्यांत पहिलं फूल दिसेल. फुलं येत राहावीत असं वाटत असेल तर हिरव्या शेंगा खुडत जा. शेवटी शेवटी मात्र चार-पाच शेंगा वेलीवरच तपकिरी होऊ द्या आणि तडकायच्या आधी काढून कागदाच्या पुडीत ठेवा.

आणि तोपर्यंत डार्विनसाहेबांसारखं एक काम करा. गोकर्णीचा शेंडा सुतळीभोवती कुठल्या बाजूनं फिरतो ते वरून बघा. घड्याळाच्या काट्यांसारखा की त्यांच्या उलट? एकदा हळूच सोडवून विरुद्ध बाजूनं गुंडाळा, आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा काय झालंय ते. पत्रात हे लिहा, तुमची भिंत कुठल्या दिशेची आहे ते लिहा आणि कुंडी कशाची आहे तेही. या वेळी बिया पाठवू नका हं!